पद रिक्त असल्यामुळे

ऑफिसात तिला सगळे कारणबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण एकोणीस वर्षांत हा पडदा इतका विरला होता, की नव्याने बदलून आलेल्या साहेबांनी पहिल्याच दिवशी दारातून विचारलं, "इथल्या कारणबाई कोण?" आणि तिनेच "मीच" म्हणून हात वर केला. मग सगळे हसले, तीही हसली, आणि नाव पक्कं झालं.

खातं नद्यांची पातळी मोजणारं. प्रांतभर नदीकाठी तेवीस केंद्रं. प्रत्येक केंद्रावर दोन खोल्या, पाण्यात रोवलेली आकड्यांची पट्टी, आणि ती पट्टी दिवसातून तीनदा वाचून वहीत लिहिणारा एक मापक. शिक्षण, आरोग्य, रस्ते असल्या दांडग्या खात्यांपुढे हे म्हणजे लग्नघरातला कोपऱ्यात बसलेला लांबचा पाहुणा. जेवला का म्हणून कुणी विचारत नाही, पण पंगतीत मोजतात मात्र. दरवर्षी सभागृह प्रत्येक खात्याला अमुक कामासाठी अमुक रक्कम मंजूर करतं, आणि वर्ष सरलं की प्रत्येक खात्याने ओळीओळीने सांगायचं असतं: मंजूर किती, खर्च किती, फरक किती. त्याचा एक जाडजूड अहवाल छापून सभागृहापुढे ठेवतात. त्यात प्रत्येक ओळीच्या शेवटी एक रकाना असतो. फरक का पडला? हा रकाना आपल्या खात्यापुरता भरायचा, हे कारणबाईंचं काम.

तिच्याकडे निळ्या पुठ्ठ्याची एक वही होती. तिच्या आधीच्या हेडक्लार्कने निवृत्त होताना, सासूने सुनेच्या हाती किल्ल्या द्याव्या तशी दिलेली. त्या वहीत कारणं होती. पैसे उरले असतील तर 'निविदांना वेळेत प्रतिसाद न मिळाल्यामुळे' किंवा 'पद रिक्त असल्यामुळे'. जास्त गेले असतील तर 'वेतनवाढीची थकबाकी अदा केल्यामुळे'. आणि काहीच सुचलं नाही तर हुकमाचा पत्ता: 'काटकसरीचे धोरण अवलंबिल्यामुळे'. अहवाल लिहायचा म्हणजे गेल्या वर्षीचा काढायचा, त्यात नवे आकडे भरायचे, आणि थोरल्याचा सदरा धाकट्याला चढवून बघावा तसं जुनं कारण नव्या आकड्याला होतंय का ते बघायचं. बहुतेक वेळा व्हायचं. थोडं सैल, थोडं आखूड, पण अंग झाकायचं.

एका मंगळवारी सकाळी तिने नुकताच पंखा लावला होता आणि उडू नयेत म्हणून कागदांवर पंच ठेवला होता, तेवढ्यात दारात एक बाई उभी राहिली. चाळिशीच्या आतबाहेरची, उन्हाने रापलेली, पायात पुरुषी चपला. एका हातात प्लॅस्टिकची पिशवी, दुसऱ्या हातात दोरीने बांधलेल्या तीन जाड वह्या.

"केंद्र नऊ," ती म्हणाली. पोस्टमनने घरनंबर सांगावा तसं. "मी मापक आहे तिथली."

"बसा ना. एवढ्या लांबून आलात, फोन तरी करायचा."

"फोनवर दाखवता येत नाही, ताई." तिने पिशवीतून एक पत्र काढलं. चारदा घडी घातलेलं, घडीवर मऊ पडलेलं. "हे वाचा आणि मला समजेल असं सांगा."

पत्र वित्त विभागाचं होतं. वार्षिक खर्चाच्या अहवालात सलग तीन वर्षे रिक्त दाखवलेली पदे गरजेची नाहीत असे मानून, अहवाल येत्या सोमवारी सभागृहापुढे ठेवला जाईल त्या दिवसापासून रद्द करण्यात येत आहेत. सोबत यादी. यादीत चौथं नाव: नदीमापन, केंद्र नऊ, मापक, पद एक. संबंधित खोल्या महिनाअखेर रिकाम्या करून द्याव्यात.

"हे रिक्त म्हणतात ते मलाच का?" बाईने विचारलं.

कारणबाईंना हसू आलं आणि अर्ध्यावरच विरलं. अहवालाची छापखान्यातून आलेली तपासणी-प्रत टेबलावरच होती. तिने पान काढलं. केंद्र नऊ, वेतन. मंजूर एवढे, खर्च शून्य, शिल्लक सगळे. कारण: पद रिक्त असल्यामुळे. तिचंच वाक्य. आधीची दोन वर्षं ते खरंही होतं.

"तुम्ही रुजू कधी झालात?"

"मागच्या वर्षी. सरकारी वर्षाचा चौथा महिना लागला त्या दिवशी."

"पगार मिळतो ना?"

"मिळतो की. एक तारखेला. त्याची काही तक्रार नाही." बाईने पिशवीतून पगाराची चिठ्ठी काढली. कारणबाईंनी ती वाचली. चिठ्ठीवर केंद्र आठ लिहिलं होतं.

मग तिने वरची ओळ बघितली. केंद्र आठ, वेतन. मंजूर एका माणसाचे, खर्च जवळजवळ दोन माणसांचा. कारण: वेतनवाढीची थकबाकी अदा केल्यामुळे.

आठ आणि नऊ एकाच कोषागारात येतात. बाई रुजू झाली तेव्हा कुणीतरी तिचं नाव आठच्या बिलात घातलं असणार. कुणीतरी कशाला? बिलं याच टेबलावरून जातात. पहिल्या महिन्यात घाई होती, पुढच्या महिन्यात दुरुस्त करू म्हटलं असेल, आणि पुढच्या महिन्यात मागचं बिल समोर ठेवून नवं लिहिलं असेल. नऊ महिने असंच. एका ओळीत भोक, तिच्या शेजारच्या ओळीत टेंगूळ. दोन्हींचं एकच कारण आत्ता तिच्यासमोर बसलं होतं, आणि तिने निळ्या वहीतून दोन वेगवेगळी कारणं काढून दोन्हीकडे चिकटवली होती. आणि कागदाच्या हिशेबाने नऊवर कुणी नव्हतं, आठवर मात्र एक माणूस जास्त होतं.

"खोल्या गेल्या तर आम्ही कुठे जाणार, ताई?" बाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "वडील आहेत माझ्याजवळ. डोळ्यांनी अधू. आज सकाळची पट्टी शेजारच्या नावाड्याला वाचायला सांगून आले."

"चहा घ्या आधी," कारणबाई म्हणाली.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"म्हणजे आपल्याला शुद्धिपत्र द्यावं लागेल."

"हो साहेब. शुक्रवारी दुपारी छापखान्यात अहवालाची पानं बंद होतात. त्याच्या आत."

"बाई, शुद्धिपत्र म्हणजे आम्ही चुकलो असं सभागृहाला छापून देणं. मला येऊन चार महिने झालेत. चार महिन्यांत मी काय केलं, तर चुकलो." ते खुर्चीत मागे रेलले. "असं करा ना. 'कोषागाराच्या नजरचुकीने' लिहा. बिल त्यांनी पास केलं. पास करताना बघायला नको?"

"लिहिलं असतं, साहेब. पण ते कोषागाराला विचारतील. कोषागार म्हणेल, आमच्याकडे आलं तसं आम्ही पास केलं. मग आपण उत्तर देणार, मग ते. सात महिने पत्रं चालतील. तोवर पद गेलं."

"मग जाऊ द्या. त्या बाईला रोजंदारीवर घेऊ आपण. काम तेच, खोल्याही तिथेच कुठेतरी बघू."

कारणबाईंनी दाराकडे बघितलं. बाकावर ती बाई पाठ ताठ ठेवून बसली होती, मांडीवर वह्या. ऐकू येत असणारच. दार कधी नीट लागतच नसे.

"मी विचार करून सांगते," ती म्हणाली. साहेबांचं नेहमीचं वाक्य साहेबांनाच.

त्या रात्रीपुरती तिने बाईला आपल्या धाकट्या बहिणीकडे उतरवलं, आणि घरी येऊन गॅसवर दूध ठेवलं ते विसरली. दूध उतू गेलं, शेगडीवर जळलं, घरभर वास सुटला.

"काय झालं?" नवऱ्याने बाहेरून विचारलं. तो शाळेत चित्रकला शिकवायचा, आता निवृत्त होऊन घरातल्या सगळ्या दारांना आळीपाळीने रंग देत होता.

"गॅस हल्ली एकदम मोठा होतो. बटण सैल झालंय."

"काटकसरीचे धोरण अवलंबिल्यामुळे," नवरा म्हणाला.

एरवी ती यावर काहीतरी फेकून उत्तर द्यायची. आज फडकं घेऊन उभी राहिली. सासूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी स्टुलावर बसून शेंगा सोलत होत्या. ब्याऐंशी वर्षांच्या, कानाने थोड्या कमी, पण जे ऐकू नये ते बरोबर ऐकणाऱ्या.

"बटण काही सैल नाही," त्या म्हणाल्या. "तू तिथे उभी होतीस. बघत होतीस. काय बिनसलंय?"

तिने सांगितलं. सगळं नाही, पण आठ आणि नऊचं सांगितलं, त्या बाईच्या चपला सांगितल्या, साहेबांची रोजंदारी सांगितली. नवरा रंगाचा ब्रश हातात घेऊन दारात येऊन उभा राहिला. ब्रशातून एक थेंब फरशीवर पडला, पण त्याला कुणी काही म्हटलं नाही.

"चूक कुणाची?" सासूबाईंनी विचारलं.

"तशी बघितली तर पद्धतच अशी आहे, की बिलं..."

"मी पद्धतीचं नाही विचारलं."

"माझी."

सासूबाईंनी एक शेंग फोडली, दाणे वाटीत टाकले. "तीस वर्षं मी तुला बघतेय. भात लागला तर तांदूळ नवा. बटण तुटलं तर धोबी वाईट. मी म्हणायचे, जाऊ दे, ऑफिसात दिवसभर तेच करते, सवय आहे. पण अगं, एवढं कठीण आहे का ते? आत्ता म्हणालीस की. छत पडलं का?"

नवरा हसला. मग तीही हसली, आणि हसताहसता डोळे भरून आले. मग कुणीच कुणाकडे बघितलं नाही. तिने शेगडी घासायला घेतली.

घासताना तिच्या डोक्यात हिशेब सुटला. कोषागारावर ढकललेलं कारण परत येईल, कारण कोषागाराला नाही म्हणता येतं. तांत्रिक अडचण लिहिली तर कोणती अडचण, ते विचारतील. पण 'माझी चूक' याला नाही कोण म्हणणार? ज्याची चूक तोच सांगतोय. त्यावर पुढचं पत्र लिहायला कुणाकडे काही उरतच नाही. एका दिवसात सुटण्यासारखं कारण हे एकच होतं, आणि निळ्या वहीत ते कुठेच नव्हतं.

बुधवारी सकाळी तिने ते टाइप केलं.

'केंद्र नऊ: शिलकीपैकी पहिल्या तीन महिन्यांची रक्कम पद रिक्त असल्यामुळे. उरलेल्या नऊ महिन्यांचे वेतन प्रत्यक्षात अदा झाले असून ते या कार्यालयातील हेडक्लार्कच्या चुकीमुळे केंद्र आठखाली पडले. केंद्र आठ: जादा खर्च त्याच कारणाने. तेथे कोणतीही थकबाकी दिलेली नाही.'

साहेबांनी दोनदा वाचलं. "हेडक्लार्क म्हणजे तुम्हीच."

"मीच."

"सेवापुस्तकात शेरा येईल. दोन वर्षं राहिलीत तुमची. आजवर कोरं आहे."

"येऊ दे."

साहेबांनी पेन उघडलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सरळ सरळ उतरताना दिसला, आणि कारणबाईंना त्याचा राग आला नाही. सही झाली. "जाताना गाडी घेऊन जा," ते म्हणाले. ऑफिसची गाडी ते स्वतःच्या आईलासुद्धा देत नसत.

लेखातपासणीच्या कार्यालयात, तिसऱ्या मजल्यावर, एक तपासनीस बसायचे. एकोणीस वर्षं त्या दोघांचा पत्रव्यवहार होता, भेट एकदाही नाही. ती त्यांना लाल पेन्सिलीने ओळखत होती. समासात नेहमी तेच तीन शब्द: सविस्तर कारण द्यावे. तिच्या मनात ते उंच, मिशीवाले, खाष्ट होते. प्रत्यक्षात एक बुटका, गोलसर माणूस टेबलावर रुमाल पसरून डबा खात होता.

"केंद्र आठ-नऊ," ती म्हणाली. "शुद्धिपत्र आणलंय. आणि या तिथल्या मापक."

त्यांनी डबा बंद केला, हात पुसले, कागद वाचला. एकदा वर बघितलं, परत वाचला.

"चुकीमुळे," ते म्हणाले. "कुणाच्या चुकीमुळे ते पण लिहिलंय."

"हो."

"मला या टेबलावर सव्वीस वर्षं झाली. पूर आला, आग लागली, संप झाला, उंदरांनी कागद खाल्ले, सगळं वाचलंय. उंदीर तर एका खात्यात सलग चार वर्षं." त्यांनी लाल पेन्सिल उचलली आणि परत खाली ठेवली. "हे नव्हतं वाचलं. काय विचारू यावर?"

"काही विचारू नका," मापकबाई एकदम म्हणाली. "मान्य करा, साहेब."

ते हसले. "पुरावा लागतो, बाई. पगार केंद्र आठचा दिसतो. तुम्ही नऊवर होता हे कशावरून?"

तिने दोरी सोडली आणि तीन वह्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी पहिली उघडली. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. दिवसाच्या तीन ओळी, प्रत्येकीपुढे आकडा आणि सही. पानामागून पान. काही पानं ओली होऊन वाळलेली, सुरकुतलेली. ते अंगठ्याने पानं सोडत गेले आणि एका ठिकाणी थांबले.

"हे काय? 'दाट धुके, काठावरून पट्टी दिसली नाही.'"

"खाली आहे पुढचं."

त्यांनी मोठ्याने वाचलं. "'नावेतून जवळ जाऊन पाहिली.' आणि आकडा." त्यांनी कारणबाईंकडे बघितलं. "आपल्याकडे असतं तर पहिल्या ओळीवरच भागलं असतं."

कारणबाईंचे कान गरम झाले. पण त्यात टोमणा नव्हता. 'आपल्याकडे' म्हणताना त्यांनी स्वतःलाही धरलं होतं.

त्यांनी पगाराच्या चिठ्ठ्या मोजल्या. नऊ. रकमेची बेरीज केली, केंद्र आठच्या जादा खर्चाशी ताडून पाहिली. शेवटच्या आकड्यापर्यंत जुळली. मग पुटपुटले, "हे दोन आकडे शेजारी शेजारी होते. मलाही दिसायला हवे होते," आणि शुद्धिपत्रावर शिक्का मारला: मान्य. "वित्त विभागाला मी आजच पाठवतो. शुक्रवारी सकाळी चौकशी करा. आणि बाई, तुम्ही..." त्यांनी डब्यातला उरलेला शिरा मापकबाईपुढे सरकवला. "लांबून आलात, खाऊन जा."

खाली जिन्यात मापकबाई पायरीवर बसली. "झालं का?" तिने विचारलं.

"झाल्यासारखं आहे. शुक्रवारपर्यंत धीर धरा."

"ताई, तुम्हाला काही होणार का यामुळे?"

"एक शेरा लिहितील."

"मोठा असतो?"

"दीड ओळ," कारणबाई म्हणाली, आणि बाईच्या शेजारी त्याच पायरीवर बसली. लोक बाजूने चढत-उतरत होते. मग तिने बाईला गाडीने बसथांब्यावर सोडलं.

गुरुवार काही सरला नाही. तिने दोन टाचण्यांचे डबे रिकामे करून परत भरले. तेवीसच्या तेवीस केंद्रांची बिलं काढून एकेका मापकाचं नाव, केंद्र, ओळ ताडून बघितली. केंद्र सतराचा छत्रीचा खर्च होडीच्या ओळीत पडला होता, तेवढा निघाला. त्याचंही शुद्धिपत्र पाठवलं. साहेब म्हणाले, "आता थांबा बाई, नाहीतर शुद्धिपत्राचाच अहवाल होईल."

शुक्रवारी सव्वाअकराला वित्त विभागाचा कागद आला. सुधारित यादी. तिने ती उभ्या उभ्या वाचली. नंबर तीननंतर नंबर चार होता, पण तो दुसऱ्याच खात्याचा, कुठल्याशा बागेतल्या घड्याळजीचा. नदीमापन हा शब्द यादीत नव्हता. तिने परत वरून खाली वाचली. नव्हता. शेवटच्या पानावर शिक्के होते, सह्या होत्या, तारीख आजची होती.

ती खुर्चीत बसली. पंख्याचं वारं पहिल्यांदाच मानेला लागल्यासारखं वाटलं. तीन दिवस खांदे कानापाशी नेऊन ठेवले होते, ते आपोआप खाली आले. साहेबांनी सेवापुस्तक पाठवलं. शेरा खरंच दीड ओळीचा होता. तिने खाली सही केली, आणि शाई वाळेपर्यंतसुद्धा न थांबता पुस्तक मिटलं. मग फोन उचलून केंद्र नऊचा नंबर लावला.

बराच वेळ घंटी वाजली. म्हाताऱ्याचा आवाज आला, सावकाश. "कोण? ऑफिस? ती पट्टीवर गेलीय. थांबा, हाक मारतो." रिसीव्हर कशावर तरी आदळला. लांबून हाक ऐकू आली, मग चपलांचा फटफट आवाज, मग धापा.

"ताई?"

"यादीतून काढलं. कागद माझ्या हातात आहे. पद कायम, खोल्या कायम. या महिन्यापासून पगारही नऊमधूनच."

मग बाई फोन तसाच धरून ओरडली, "बाबा, राहिलो आपण!" आणि म्हातारा काहीतरी बोलला, आणि ती हसली, नाक ओढलं, परत हसली. कारणबाईंनी रिसीव्हर कानाला घट्ट धरून ठेवला. घाई नव्हती.

"ताई, ऐकताय?"

"ऐकतेय."

"आता राहायचंच आहे तर एक विचारू? मागच्या खोलीचे पत्रे सडलेत. चारदा म्हटलं विचारावं, पण म्हटलं पदाचाच पत्ता नाही तर पत्रे कुठून मागायचे. मिळतील का?"

कारणबाईंनी कोरा कागद पुढे ओढला. "मिळतील. किती हवेत?"

"सहा." मग विचार करून, "नाही. सात लिहा. एक वडिलांच्या ओसरीला."

"सात," ती म्हणाली, आणि लिहिलं.